मुकादम आला

ठकीला अजून एकही शब्द बोलता येत नव्हता, तरी तिचा क्लास सुरू झाला होता. क्लास बोलण्याचाच होता, पण हातांनी बोलण्याचा. दर रविवारी सकाळी ठकीची आई तिला कडेवर घेऊन एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये जायची. तिथे सतरंजीवर बऱ्याच आया आपापली बाळं मांडीत घेऊन बसलेल्या असायच्या आणि शिकवणाऱ्या बाईंच्या मागोमाग हातवारे करायच्या. मूठ उघडायची आणि मिटायची, म्हणजे दूध. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवायची, म्हणजे आणखी. हात झटकले की संपलं. आणि अंगठा हनुवटीला लावला की आई. बाळं यातलं काहीएक करायची नाहीत. ती एकमेकांचे मोजे ओढायची. पण बाईंचं म्हणणं असं की बाळाच्या मनात सगळं असतं, फक्त जीभ वळत नसते. हात आधी वळतात. रोज दाखवत राहा, एक दिवस बाळ आपणहून खूण करेल, आणि ती पहिली खूण तुम्ही जन्मभर विसरणार नाही.

बाईंचं बाकी काही खरं असो वा नसो, हे शेवटचं वाक्य अगदी खरं ठरलं.

ठकीच्या आजीला या क्लासचं हसू यायचं. या घरातली बोलता येणारी माणसं दिवसभरात चार वाक्यं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि जिला बोलता येत नाही तिच्यासाठी पैसे भरून क्लास. पण हे ती मनातच म्हणायची. सुनेची रजा संपल्यापासून ठकी दिवसभर आजीकडे असायची, आणि आजीच्या म्हातारपणातली यापेक्षा मोठी चैन दुसरी नव्हती. एका हसण्यापायी चैन घालवण्याइतकी ती भोळी नव्हती. मुलगा लिफ्टा दुरुस्त करायचा. कुठली ना कुठली लिफ्ट कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असायची, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखा. घर चालायचं ते सुनेच्या शिस्तीवर.

आणि शिस्त म्हणजे शिस्त. सून एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होती. गोळ्यांच्या पाकिटात एक गोळी कमी असली तर ते तिला लांबूनच कळायचं, असं तिचा नवरा कौतुकाने सांगायचा. आपला नवरा कौतुकाने सांगतो की धास्तीने, याची खात्री तिला स्वतःलाही नसावी. तिने ठकीच्या दिवसाचे नियम आजीला समजावून सांगितले होते. टीव्ही नाही. गोड बिस्किट नाही. खेळ गालिच्यावर, स्वयंपाकघरातल्या फरशीवर नाही. आणि जेवताना, झोपताना, कपडे बदलताना खुणा करत राहायच्या. आजीने प्रत्येक नियमाला मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही.

सून बाहेर पडली की थोड्याच वेळात टीव्ही सुरू व्हायचा. ठकी स्वयंपाकघरातल्या फरशीवर पातेल्यांच्या राज्यात बसायची आणि तिच्या हातात गोड बिस्किट असायचं. आजी शेजारी पाय पसरून बसून मालिकेतल्या खलनायिकेला शिव्या घालायची. दोघींचा संसार अगदी सुखाचा चालला होता. फक्त संध्याकाळी सून यायच्या सुमाराला आजीचे कान टवकारलेले असायचे. कुलपात किल्ली फिरली की तिचं बोट आपोआप नाकाखाली जायचं, वरच्या ओठावरून डावीकडून उजवीकडे फिरायचं, आणि पुढच्याच क्षणाला टीव्ही बंद, बिस्किट पदराखाली, ठकी गालिच्यावर. सून आत येईपर्यंत आजी हनुवटीला अंगठा लावून ठकीला दाखवत असायची, आई, आई.

या बोटाची गोष्ट अशी. आजीची उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या कारखान्यात गेली होती. तिथे मागांचा आवाज एवढा, की शेजारी उभ्या असलेल्या बाईने कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू जायचं नाही. मग बायका हातांनी बोलायच्या. धागा तुटला, चहा प्यायला चल, माझ्या मागाकडे बघ, नवऱ्याने काल परत भांडण काढलं, सगळं हातांनी. कोणाचं लग्न मोडलं ही बातमी या टोकाच्या मागापासून त्या टोकाला हा हा म्हणता पोचायची आणि तोंडातून कोणाच्या अक्षर निघालेलं नसायचं. या सगळ्यांत महत्त्वाची खूण एकच. बोट नाकाखालून फिरवायचं, म्हणजे मुकादम आला, गप्पा बंद, हात चालवा. पहिल्या मुकादमाला झुपकेदार मिशी होती. पुढे आलेला मुकादम सफाचट होता, पण खूण बदलली नाही. मिशी माणसाची नसून हुद्द्याची आहे, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आजीला कारखाना सोडून वर्षं झाली, तरी बोट काही निवृत्त झालं नव्हतं.

एका संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली. आजीच्या हाताला पीठ लागलेलं होतं, म्हणून बोट वर जायला जरा उशीर झाला. तेवढ्यात फरशीवर बसलेल्या ठकीने दाराकडे पाहिलं, हातातलं बिस्किट पातेल्यात टाकलं, आणि आपलं इवलंसं बोट नाकाखालून, डावीकडून उजवीकडे, शिस्तीत फिरवलं.

सून दारातच उभी राहिली. तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली. बिस्किट तिने पाहिलंच नाही, फरशीही नाही, चालू टीव्हीही नाही. तिला दिसलं ते एवढंच, की आपल्या लेकीने आपल्याला पाहून हात तोंडाकडे नेला. ठकीने पुन्हा बोट फिरवलं, कारण आजी अजून टीव्ही बंद करत नव्हती.

"आई म्हणाली," सून म्हणाली. "आई, पाहिलंत ना तुम्ही? मला आई म्हणाली ती."

अंगठ्याऐवजी बोट आणि हनुवटीऐवजी ओठ, पण बाई क्लासमध्ये सांगतातच, इवल्या हातांना नेमकी जागा सापडत नाही, आपण समजून घ्यायचं. सुनेने तिथल्या तिथे समजून घेतलं. तिने ठकीला छातीशी धरलं आणि ती रडली. रजा संपल्यापासून जे काही साठलेलं होतं ते सगळं त्या रडण्यात होतं. आजी पिठाचे हात घेऊन उभी राहिली. पोर तुला आई नाही, मुकादम म्हणतेय, हे सांगायला तोंड उघडलं तेव्हा सुनेचे चष्म्यामागचे डोळे तिला दिसले. तिने तोंड मिटलं आणि हात धुवायला गेली.

त्या रात्री मुलाला फोन गेला, सुनेच्या माहेरी फोन गेला. रविवारी क्लासमध्ये ठकीचं कौतुक झालं. सतरंजीवरच्या सगळ्या आयांनी तिच्याकडे असूयेने पाहिलं. घरी येऊन सून आजीला म्हणाली, हे तुमच्या मेहनतीचं फळ. आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळ तिच्याच मेहनतीचं होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

त्यातच कांडीबाई भेटायला आली. ही आजीची कारखान्यातली जिवाभावाची मैत्रीण. सूत गुंडाळलेल्या कांड्या भरायचं काम करायची म्हणून कांडीबाई. तिच्या नवऱ्यालासुद्धा तिचं खरं नाव आठवायला वेळ लागायचा. सून त्या दिवशी घरी होती. तिने चहा केला आणि कप घेऊन बाहेर आली, तशी ठकीने कांडीबाईच्या मांडीवर बसल्या बसल्या बोट नाकाखालून फिरवलं. कांडीबाईची पाठ ताठ झाली. तिने तोंडातलं वाक्य तसंच गिळलं, हातातली चिवड्याची बशी खुर्चीखाली सरकवली, आणि समोर नसलेल्या कांड्या ती दोन्ही हातांनी भरायला लागली. म्हातारी एवढी चपळ असेल असं कोणाला वाटलं नसतं.

सुनेने विचारलं, काय झालं. कांडीबाईने आजीकडे पाहिलं. आजीने मांडीवरल्या मांडीवरच हात हलवले: सुनेला वाटतं पोर आई म्हणतेय. गप्प राहा. कांडीबाईने बोटांनीच विचारलं, वेडी आहेस का तू. मग ती मोठ्याने म्हणाली, कंबरेत उसण भरली होती, गेली. निघताना जिन्यात मात्र तिला हसू आवरेना. कठड्याला धरून ती एकेक पायरी हसत उतरली, आणि खालच्या मजल्यावरून हात वर करून तिने आजीला शेवटचा निरोप दिला: हे अंगाशी येणार.

आलंच. ठकी हुशार होती, हीच मोठी अडचण होती. तिच्या लक्षात आलं की ही खूण फक्त एका माणसासाठी नाही. ज्याच्या येण्याने आजी सावध होते, त्या प्रत्येकासाठी ती आहे. इमारतीचा सेक्रेटरी जिन्यात ठेवलेल्या कुंड्यांबद्दल तक्रार करायला आला, तर आजीच्या कडेवरून ठकीने बोट फिरवलं. सुनेने ते पाहिलं आणि ती जराशी हसली. मग लस टोचून घ्यायला गेल्या तर डॉक्टर आत येताक्षणी ठकीने बोट फिरवलं. डॉक्टरांना पोरीचं कौतुक वाटलं. ही काय म्हणते, असं त्यांनी विचारलं. सून म्हणाली, काही नाही.

मग गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, खालच्या मजल्यावरच्या खडूस बाई. ठकीने कोणाला म्हणून सोडलं नाही. प्रत्येक वेळी सुनेचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, ती सगळ्यांनाच आई म्हणते. नवरा म्हणाला, लहान आहे, शिकेल. त्याला लिफ्टखेरीज काही अडकलेलं दिसायचंच नाही.

आता आजीची झोप उडाली. खरं सांगावं, तर ‘आई सगळ्यांसारखीच एक’ हे दुःख जाऊन ‘आई म्हणजे मुकादम’ हे नवं दुःख सुनेच्या पदरात पडणार. वर टीव्ही, बिस्किटं, फरशी, सगळं बाहेर येणार, आणि ठकी आपल्या हातून जाणार. न सांगावं, तर सून आतल्या आत झुरणार. तिने आपल्या परीने सुनेला बरं वाटावं म्हणून जे जे करता येईल ते केलं. दुपारी कारखान्यातून सुनेचा फोन यायचा, ठकी कशी आहे. आजी म्हणायची, अगदी मजेत, तुझी आठवणसुद्धा काढत नाही, तू आपली निवांत काम कर. सकाळी सून गेल्यावर पोर दाराशी बसून जो गळा काढायची, त्याबद्दल आजी चकार शब्द काढायची नाही. कामावरच्या बाईला रडणं कशाला ऐकवायचं.

असे फोन ऐकून ऐकून एके दिवशी सुनेने ठरवलं. कारखान्याच्या शेजारीच एक पाळणाघर होतं. ठकीला तिथे ठेवायचं. दुपारच्या सुट्टीत जाऊन भेटता येईल, जेवू घालता येईल. निदान पोर आपल्याला ओळखेल तरी. हे तिने आजीला फार जपून सांगितलं, तुमच्यावर सगळा भार पडतो म्हणून, वगैरे. आजी हो म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला आणि पदर तोंडात धरून रडून घेतलं.

पाळणाघर बघायला तिघी गेल्या. जागा स्वच्छ होती, भिंतीवर रंगीत मासे काढलेले होते. बाकावर आजी बसली, तिच्या मांडीवर ठकी. आतून पाळणाघराच्या बाई आल्या. आवाज खणखणीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या वाजल्या मात्र, आजीच्या नकळत तिचे पाय जुळले. ठकीने आजीच्या मांडीवरून त्या बाईंकडे पाहिलं आणि बोट नाकाखालून, डावीकडून उजवीकडे, व्यवस्थित फिरवलं.

"हिलाही," सून म्हणाली. एवढंच म्हणाली आणि ती बाहेर गेली.

आजीने पाळणाघराच्या बाईंना काहीतरी थातूरमातूर सांगितलं आणि ठकीला उचलून ती सुनेच्या मागे गेली. सून बसथांब्यावरच्या बाकावर बसली होती. ती रडत नव्हती, आणि त्यामुळेच आजीला जास्त भीती वाटली. तिने ठकीला दोघींच्या मध्ये बसवलं आणि मनाचा हिय्या करून सगळं सांगून टाकलं. कारखाना, माग, मुकादम, मिशी. किल्लीचा आवाज, पदराखालचं बिस्किट, टीव्ही, फरशी. काहीच ठेवलं नाही. मालिकेचं नावसुद्धा सांगितलं. सांगताना बसगाड्या आल्या, गेल्या. सून समोरच्या रस्त्याकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे ती डॉक्टरला आई म्हणाली नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मला मुकादम म्हणाली."

"हो," आजी म्हणाली. आता ठकी गेलीच, असं तिने मनाशी धरलं होतं.

सुनेचे खांदे हलायला लागले. आजीला वाटलं, फुटला बांध. बघते तर ती हसत होती. "आमच्याकडे चष्मा वर करतात," ती म्हणाली. "मी पॅकिंगमध्ये पाऊल टाकलं की पहिल्या टेबलावरची मुलगी चष्मा वर करते. मग सगळ्या गप्प. त्यांना वाटतं मला कळत नाही." आजीलाही हसू फुटलं. दोघी हसायला लागल्या म्हणून ठकी हसली, आणि थांब्यावरचा एक माणूस उगाचच जरा बाजूला सरकला.

मग सुनेचं हसू ओसरलं. तिने ठकीचं बोट हातात धरलं.

"तिकडे मुकादम," ती म्हणाली, "आणि घरीही मुकादमच. मग आई कधी व्हायचं मी?"

आजीला वाईट वाटलं, आणि त्याच्या जोडीला रागही आला, कारण एवढ्या शिकलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट कळू नये. "अगं, मुकादम गेला की आम्ही हसायचो," ती म्हणाली. "त्याची पाठ वळली की मागांचं अख्खं खातं हसायचं. तू गेलीस की ही रडते. दाराशी बसते, दार ठोकते आणि गळा काढते. बिस्किट दिलं तर फेकते, टीव्ही लावला तर बघत नाही. मी मांडीवर घेतलं तर मला ढकलते. असला मुकादम मी जन्मात पाहिला नाही."

सून वळून तिच्याकडे बघत राहिली. "कधी?"

"रोज सकाळी."

"तुम्ही तर म्हणायचात, आठवणसुद्धा काढत नाही."

"तुझं कामात लक्ष लागावं म्हणून," आजी म्हणाली. मग इतकं सांगितलंच आहे तर उरलेलंही सांगावं, म्हणून तिने मान खाली घातली. "आणि मलाही ते सोसत नव्हतं. दिवसभर हिचं मी करते, आणि ही रडते तुझ्यासाठी."

त्यांची बस आली, त्यांनी ती जाऊ दिली. सुनेने ठकीला मांडीवर घेऊन तिच्या डोक्यावर गाल टेकवला होता आणि तिच्या चष्म्याच्या काचा भिजल्या होत्या. पाळणाघराकडे परत जायचं का, असं आजीने अगदी हळू विचारलं. सुनेने डोकं हलवून नाही म्हटलं. बिस्किटाचं मात्र घरी गेल्यावर बोलू, असं ती चष्मा पुसता पुसता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आजीने सवयीने "अगदी मजेत" म्हणायला तोंड उघडलं, आणि मग खरं ते सांगितलं. रडली. दारात बसून रडली. पायातला मोजा काढून दारावर फेकला.

तिकडे मागे पॅकिंगची यंत्रं खडखडत होती.

"खूप रडली का हो?" सुनेने विचारलं. कोणाच्या रडण्याची चौकशी एवढ्या आनंदाने केलेली आजीने आयुष्यात ऐकली नव्हती, म्हणून तिने हाताशी होतं त्यात थोडं आपल्या पदरचं घातलं आणि म्हणाली, "फार. शेजारच्यांनी येऊन विचारलं."